उशीच्या अभ्र्यातली मोरपंखी

ताई,

मी चोवीस वर्षांची ट्रान्स मुलगी. घर कऱ्हाडजवळ, नोकरी पुण्यात, राहायला हडपसरला. फ्लॅटवर गावाकडचीच दोन मुलं आहेत. त्यांना आणि ऑफिसात कुणालाच काही माहीत नाही, सगळे मला मुलगाच समजतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हार्मोन्स सुरू होऊन पाच महिने झाले. बाहेर अजून शर्ट-पँटच. म्हणून दिवाळीनंतर धीर करून तुळशीबागेतून 'बहिणीसाठी' म्हणत तीन पँटी आणल्या. एक मोरपंखी, एक डाळिंबी, एक पांढऱ्यावर अबोली फुलांची. त्या घालून ऑफिसला गेले की दिवसभर मान ताठ राहते, खरंच. पण रात्री अपराधी वाटतं. साडेचारशे रुपये गेले, तेही कुणाला न दिसणाऱ्या कपड्यावर. आणि यात मला एवढा आनंद होतो म्हणजे माझ्यात काही विकृती तर नाही? माझा मित्र (तो ट्रान्स मुलगा आहे, म्हणजे त्याला सगळे मुलगी समजतात) म्हणतो, 'आतलं कोण बघतंय? काळी घे आणि मोकळी हो.' त्याच्याकडे सगळं काळं किंवा स्किन कलरचं.

अडचणी आणखीही आहेत. पँटी नीट बसत नाहीत म्हणून आतून चिकटपट्टी लावते. सारखं लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी कमी पिते. धुतल्यावर त्या उशीच्या अभ्र्यात वाळवते. जांघेत खाज सुटलीय. मेडिकलमधून ट्यूब आणली, बरं वाटतं आणि परत येतं. छाती दुखते, ब्रा घ्यायची तर माप माहीत नाही. आणि एक भीती सतत असते. कधी अपघात झाला आणि दवाखान्यात कपडे काढले तर?

– अबोली

प्रिय अबोली,

चिकटपट्टी आजपासून बंद. बाकी सगळं सावकाश बोलू, पण हे आधी. जांघेतली कातडी पातळ असते. पट्टी ओढून काढताना तिचा वरचा थर निघून येतो, आणि मग घाम, घर्षण आणि बुरशी यांना रान मोकळं मिळतं.

तुझी खाज बहुधा बुरशीचीच असावी, म्हणजे ज्याला आपण गजकर्ण किंवा नायटा म्हणतो ती. आपल्याकडच्या उकाड्यात ती कुणालाही होते, लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. मला काळजी वाटते ती त्या ट्यूबची. दुकानात न विचारता मिळणाऱ्या अशा बऱ्याच ट्यूबांमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्याने खाज दोन-तीन दिवसांत दबते, बुरशी मात्र पसरत राहते आणि पुढे औषधाला दाद देईनाशी होते. वेष्टणावर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असं काही नाव दिसतंय का बघ. दिसो न दिसो, ती ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. हार्मोन्सच्या गोळ्यांची चिठ्ठीही दाखव, कारण बुरशीवरच्या काही गोळ्या इतर औषधांत ढवळाढवळ करतात. आणि जितके आठवडे सांगतील तितके आठवडे औषध घे. खाज थांबली की लोक औषध सोडतात, आणि महिन्याभरात ती दुप्पट होऊन येते.

उशीच्या अभ्र्याचंही तेच. अभ्र्यात कापड वरवर कोरडं होतं. इलॅस्टिकच्या दुमडीत आणि मधल्या जोडपट्टीच्या शिवणीत ओल तशीच राहते, आणि तीच शिवण नेमकी जांघेला लागते. आपल्या घरांमध्ये बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच सोसलंय. दोरीवर पुढे साडी, मागे टॉवेल आणि त्यांच्या आड ब्रा, म्हणजे जिथे ऊन लागायला हवं तिथेच लागणार नाही. हे तुला कुणी बसून शिकवलं नसेल, पण बघत बघत तूही ते शिकलीस.

तेव्हा खाज पूर्ण बरी होईपर्यंत साध्या पांढऱ्या सुती पँटी वापर. इतर कपड्यांपासून वेगळ्या, गरम पाण्यात धू आणि उन्हात वाळव. ऊन नसेल तर उलट्या करून, शिवणींवरून नीट इस्त्री फिरव. मोरपंखी आणि डाळिंबी थोडे दिवस बाजूला ठेव. गरम पाण्याने त्यांचा रंगही जाईल आणि इलॅस्टिकही सैल पडेल. हे वाचून तुला वाईट वाटेल हे मला कळतंय. पण त्या टाकून देऊ नकोस. पाच-सहा आठवड्यांचा प्रश्न आहे.

आता त्या साडेचारशे रुपयांकडे येते.

ट्रान्स माणसांसाठी म्हणून जे आतले कपडे बनतात, ते एकदा नीट बघ. छाती सपाट करणारे बाईंडर, पुढचा भाग सपाट ठेवणारे गॅफ. रंग बहुतेक ठरलेले: काळा, राखाडी, स्किन कलर. कंबरदुखीचा पट्टा विकावा तसे ते विकले जातात. मी त्यांना नावं ठेवत नाही, अनेकांचा दिवस त्यांच्यामुळेच निभतो. पण बनवणाऱ्याच्या मनात काय असतं ते त्यात दिसतं. या शरीरात काहीतरी दाबायचंय, दडवायचंय. ते दडलं की काम झालं, आणि दडवायच्या वस्तूला रंग कोण देणार? तू त्या दुकानात मोरपंखीवर बोट ठेवलंस तेव्हा तुझं शरीर तू पहिल्यांदा नटवायच्या लायकीचं मानलंस. मान ताठ राहते ती त्याने. एवढं समाधान साडेचारशे रुपयांत मिळालं असेल तर ते पैसे सत्कारणी लागले, असं मी मनापासून म्हणते.

आपल्याकडे लग्नाचा बस्ता निघतो तेव्हा शालू-पैठणीबरोबर नवरीच्या आतल्या कपड्यांचीही खरेदी होते. मावशी, करवली, कुणीतरी मुद्दाम तेवढ्यासाठी तिला घेऊन जातं. तेही कुणाला दिसणार नसतंच, आणि कुणी तिला त्याचा हिशेब विचारत नाही. तुला घेऊन जाणारी करवली नव्हती, म्हणून तू एकटी गेलीस आणि बहिणीचं नाव सांगितलंस. अपराधीपणा आला तो त्या एकटेपणातून आणि त्या खोट्यातून. खरेदीत काही चुकलं नव्हतं.

विकृतीचा प्रश्न तू दबक्या आवाजात विचारलायस, मी मोठ्याने उत्तर देते: नाही. मुलगी असलेल्या माणसाला मुलीचे कपडे घालून बरं वाटतं, यात निदान करण्यासारखं काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तिच्यात ट्रान्स असणं मनोविकारांच्या प्रकरणातून बाहेर काढलं गेलं. 'विरुद्धलिंगी' कपड्यांच्या ओढीला आजार ठरवणारं जुनं कलमही वगळलं गेलं. आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या आधीच, १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यातल्या) निकालात सांगितलंय की आपली लिंगओळख पेहरावातून व्यक्त करणं हा राज्यघटनेच्या कलम १९ (१) (अ) खालच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. फ्लॅटवरच्या मुलांशी वाद घालायला हा निकाल कामाचा नाही, पण रात्री छताकडे बघत पडलेली असताना तो तुला ठाऊक असावा.

तुझ्या मित्राचं 'कोण बघतंय?' मला अर्धंच पटलं. तू बघतेस. सकाळी कपडे घालताना, दुपारी ऑफिसच्या बाथरूममध्ये, रात्री आंघोळीला जाताना. तुझ्या शर्टावर ऑफिसचं मत चालतं, केसांवर घरच्यांचं चालतं, चालण्या-बोलण्यावर अख्ख्या सोसायटीचं. मत न चालणारा असा हा एकच कपडा सध्या तुझ्या दिवसात आहे. तो काळा घ्यायचा असेल तर काळा घे, काळा रंगही सुरेख आहे, पण आवडला म्हणून घे.

आता बसण्याचं. बायकांच्या पँटीत पायांमधली जोडपट्टी अरुंद असते, कारण ती वेगळ्या शरीरासाठी बेतलेली आहे. तुला कडेने बाहेर सरकल्यासारखं होतं ते त्यामुळे, आणि चिकटपट्टीपर्यंत गोष्ट गेली तीही त्यामुळेच. तुळशीबागेतले दुकानदार 'साइज काय?' विचारतात, आपण चाचरत काहीतरी आकडा सांगतो, मग ते खोक्यातून एक काढतात, दोन्ही हातांनी इलॅस्टिक टराटरा ताणून दाखवतात आणि म्हणतात, 'होईल हो, सगळ्यांना होतं.' इलॅस्टिक ताणलं जातं हे खरं, पण जोडपट्टी रुंद होत नाही. पुढच्या वेळी पॅकेट उघडून घे आणि ती पट्टी बघ. तुझी चार बोटं आडवी मावतील इतकी रुंद असावी, आणि आतलं कापड सुती असावं. लेस हवी तर कमरेला असू दे. मांडीच्या काठाला नायलॉनची लेस आली की घासतेच. फुल ब्रीफ, हिपस्टर किंवा बॉयशॉर्ट या प्रकारांत रुंद पट्टी मिळण्याची शक्यता जास्त. माप कंबरेचं सांगू नकोस, नितंबांच्या सर्वांत रुंद भागाचं घे. तुझी कंबर आणि नितंब यांत अजून फारसा फरक पडलेला नसणार, आणि पाकिटावरचा तक्ता तो फरक गृहीत धरून बनवलेला असतो.

पुढून सपाटच हवं असेल तर दोन थर कर. आत साधं गॅफ, त्याच्यावर तुझी रंगीत पँटी. दाबायचं काम एकाने करावं आणि शोभेचं दुसऱ्याने. दोन्ही एकाकडून मागितलं की शिवण उसवते किंवा तू सोलवटतेस. टकिंग करताना, म्हणजे पुढचा भाग मागे वळवून सपाट करताना, काहीही जोराने ढकलायचं नाही. दुखलं तर थांबायचं, घरी आलीस की सगळं काढून मोकळं व्हायचं आणि झोपताना काहीच घट्ट नको. अंडकोषात अचानक जबरदस्त कळ आली, सूज आली, मळमळलं, तर सकाळची वाट न बघता तडक कॅज्युअल्टी गाठायची. आतल्या वृषणाला पीळ पडलेला असू शकतो आणि त्यात पहिले सहा तास फार मोलाचे असतात. आणखी एक गोष्ट, तुला कुणी सांगितली नसेल तर: घट्ट टकिंगने आणि हार्मोन्सनेही शुक्राणू कमी होतात. पुढे कधी स्वतःचं मूल हवंसं वाटेल असं मनात थोडंही असेल, तर शुक्राणू साठवण्याबद्दल डॉक्टरांशी आत्ताच बोल.

पाणी कमी पिणं तर अजिबात नको. तुझ्या गोळ्यांमध्ये स्पायरोनोलॅक्टोन असेल तर लघवी जास्त होणारच, ते त्या औषधाचं कामच आहे. वरून पाणी तोडलंस तर चक्कर, मूत्रमार्गाचा संसर्ग, सगळं मागे लागेल. ज्या कपड्यात दिवसातून पाच-सहा वेळा सहज बाथरूमला जाता येत नाही, तो कपडा कितीही देखणा असला तरी ऑफिससाठी चुकीचा. सुटीच्या दिवसासाठी ठेव.

छाती दुखते ही वाढीची खूण आहे. हार्मोन्स सुरू झाल्यावर तीन ते सहा महिन्यांत स्तनाग्रांखाली दुखरी गाठ येते, आणि पूर्ण वाढीला दोन-तीन वर्षं लागतात. म्हणून आत्ता तार असलेली, महागडी ब्रा घेऊ नकोस, सहा महिन्यांत माप बदलेल. मऊ होजिअरीची, बिनतारेची, डोक्यातून घालायची ब्रालेट घे. शर्टाखाली वळ दिसत नाही आणि शिवण घासत नाही. रंगाची हौस इथे मनसोक्त भागव, फक्त पांढऱ्या शर्टाखाली गडद रंग उठून दिसतात तेवढं लक्षात ठेव. पांढऱ्याखाली पांढरा घातला तर तो जास्त दिसतो. अंगाच्या रंगाजवळचा किंवा विटकरी, आमसुली छटेचा कमी दिसतो.

माप असं घे. शिंप्याची टेप, आरशासमोर, श्वास सोडून. स्तनांच्या लगेच खाली बरगड्यांवरून एक आणि सर्वांत भरलेल्या भागावरून दुसरं, दोन्ही इंचात. खालचं माप म्हणजे पट्ट्याचा आकडा, विषम आला तर पुढचा सम धर. दोन मापांतला फरक म्हणजे कप: साधारण एक इंचाला ए, दोन इंचाला बी. तुझ्यासारख्या मुलींची बरगडी रुंद आणि कप लहान असतो, म्हणजे ३८ए असं काहीतरी निघतं, आणि ते दुकानात विचारलं की 'मिळत नाही' एवढंच उत्तर येतं. तेव्हा ३६बी माग. कपात मावणारं आकारमान जवळपास तेच असतं. फक्त पट्टा आवळेल, त्यासाठी मागच्या हुकांना जोडायची वाढीव पट्टी मिळते. ती ब्रा विकणाऱ्या बहुतेक दुकानांत असते, काउंटरच्या काचेखाली, सेफ्टी पिनांच्या शेजारी.

इंटरनेटवर निळ्या-गुलाबी-पांढऱ्या पट्ट्यांचे आतले कपडे तू पाहिले असशीलच, ते ट्रान्स झेंड्याचे रंग. मोनिका हेल्म्स या अमेरिकी ट्रान्स बाईने तो १९९९ मध्ये बनवला. पट्ट्या अशा रचल्या की कसाही फडकवला तरी उलटा होत नाही. फार आवडले तर जरूर घे. पण रुंद रंगीत कमरपट्टी असलेले घेऊ नकोस. वाकलं की शर्ट वर सरकतो, आणि आजकाल पुण्यातल्या आयटी कंपनीत तो झेंडा ओळखणारं कुणीतरी असतंच. कुणाला कधी सांगायचं हे तू ठरवायचंस, पँटीच्या इलॅस्टिकने नव्हे.

तसंच फ्लॅटचं. तिथे उघड वाळत घाल असं मी म्हणणार नाही. तुला तिथे सुरक्षित राहायचंय आणि बोभाटा गावापर्यंत जायला एक फोन पुरतो. चिमट्यांचा गोल हँगर आण, तुझ्या खोलीची खिडकी असेल तर आतल्या बाजूने पंख्याखाली टांग, दार बंद करून. रात्रभरात सुती कापड वाळतं. आठवड्यातून एकदा मात्र ऊन हवंच, आणि तिथे मित्राची गच्ची कामाला येईल. कधी कुणी पाहिलंच तर काय बोलायचं हे आधीच ठरवून ठेव, आणि त्या रात्री कुणाकडे राहायला जाता येईल हेही. दुसरं जास्त महत्त्वाचं आहे.

अपघाताची भीती तुझ्यासारख्या जवळजवळ प्रत्येकीला असते. कॅज्युअल्टीत कपडे कात्रीने कापतात, आणि तिथल्या माणसांनी जे जे पाहिलेलं असतं त्यापुढे मोरपंखी पँटी काहीच नाही. तरीही कुणी वेडंवाकडं बोलणारच नाही अशी हमी मी कशी देऊ? एवढं कर: फोनच्या लॉक स्क्रीनवर आपत्कालीन संपर्क म्हणून तुझ्याबद्दल सगळं माहीत असलेल्या माणसाचा नंबर ठेव, आणि पाकिटात तुझ्या औषधांची नावं लिहिलेली चिठ्ठी. डॉक्टरांना त्या चिठ्ठीची खरी गरज असते. ट्रान्स माणसांशी नीट वागणारे डॉक्टर कोण, हे पुण्यातल्या तुझ्यासारख्या मुलींना विचार. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून या समाजात काम करतेय, तिथूनही मार्ग कळतो.

शेवटी तुझा मित्र. त्याचा काळ्या रंगाच्या बाजूने एवढा आग्रह का, याचा मी विचार केला. त्याच्यासाठी रंगीत आतला कपडा म्हणजे लहानपणापासून गळ्यात मारलेली गुलाबी, फुलाफुलांची निकर. त्या रंगांपासून सुटका म्हणजे काळा. तुझी सुटका नेमकी उलट दिशेला आहे, म्हणून तुम्हा दोघांचं एकमेकांना कळत नाही. त्याला एकदा विचार, पुरुषांच्या दुकानातली गडद जांभळी किंवा पोपटी ट्रंक त्याला आवडेल का. पुढे पिशवीसारखा भाग नसलेली, सपाट शिवलेली बघा, नाहीतर तो भाग रिकामा लोंबतो. पाळी येत असेल तर बॉक्सरच्या आकाराच्या पाळीच्या चड्ड्याही मिळतात. साध्या ट्रंकमध्ये पॅडचे पंख दुमडता येत नाहीत.

आणि त्याला बजावून सांग: बाईंडर मापाचाच घ्यायचा, एक नंबर लहान घेऊन जास्त सपाट होत नाही, श्वास मात्र अडकतो. सलग आठ तासांहून जास्त नको, झोपताना आणि व्यायामाला नको, आठवड्यातून एखादा दिवस छातीला सुटी. क्रेप बँडेज तर कधीच नको, ते हलता-बोलता आणखी आवळत जातं. बाईंडर घरी रंगवायला घेऊ नये, कारण तो बहुधा नायलॉन-स्पॅन्डेक्सचा असतो. सुती कापडाची रंगपूड त्यावर नीट धरत नाही आणि घामाबरोबर अंगावर उतरू शकते. वरून घालायची बनियन रंगवा, ती सुती असते.

त्याच्या ओळखीच्यांना तो अजून मुलगी वाटतो आणि तुझ्या ओळखीच्यांना तू मुलगा. त्याला चालणार असेल तरच, पण तुम्ही एकमेकांची खरेदी करू शकता. तो बायकांच्या काउंटरवर उभा राहिला तर कुणी वळून बघणार नाही, आणि पुरुषांच्या काउंटरवर तू. मापं कागदावर लिहून एकमेकांना द्या, आवडता रंग त्याच्या शेजारी लिहा, आणि दुकानात गेल्यावर फोटो पाठवून विचारा. आधी त्वचेचे डॉक्टर, मग खरेदी. ३६बीही नीट बसली नाही तर मला बरगडीचं आणि छातीचं माप कळव. कटोरी ब्लाउज उत्तम शिवणाऱ्या बायका ब्रालेटही शिवून देतात, कापड आपलं नेलं तर रंग आपल्या पसंतीचा. अशी कुणी तुझ्या बाजूला आहे का ते मी विचारून ठेवते.

– तुझी ताई